मोठा रिम खड्डा गिळत नाही

नवी एसयूव्ही घ्यायचं घाटत असलेल्या घरात हल्ली एक सल्ला हमखास येऊन पोहोचतो. कधी व्हॉट्सॲपवर, कधी रीलमध्ये, कधी शोरूममधल्या मुलाच्या तोंडून. शब्द बदलतात, आशय हा असतो: एसयूव्हीत आराम हवा असेल तर जितकी मोठी चाकं तितकं चांगलं. सोळा-सतरा इंचांवर थांबू नका, अठरा-एकोणीस घ्या, कारण मोठं चाक खड्डा गिळतं. कंपनी वरच्या मॉडेलला मोठी चाकं देते ती काही उगाच नाही. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं हलकी असतात, त्यामुळे धक्के कमी होतात. टायर रुंद घेतला की गादी वाढते. रेंज रोव्हरला बावीस इंची चाकं असतात, तिच्याइतकी मऊ गाडी दाखवा. आणि एवढं करून गाडी आपटलीच, तर हवा थोडी कमी करा किंवा नायट्रोजन भरा.

यावर विश्वास ठेवून लोक बुकिंगच्या वेळी व्हेरिएंट बदलतात. ज्यांच्या दारात गाडी आधीच उभी आहे ते टायरवाल्याकडे जाऊन चांगले टायर उतरवतात आणि मोठे रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ती धातूची चाकं, चढवतात. चार रिम आणि चार टायर मिळून खर्च लाखाच्या घरात जातो. त्रास होतो तो मागच्या सीटवर बसणाऱ्यांना: मणक्याचं दुखणं असलेल्या आईला, दिवस गेलेल्या सुनेला, गावाहून दवाखान्यात आणलेल्या आजोबांना. स्टीअरिंग धरणाऱ्याला समोरचा खड्डा दिसतो, तो अंग सावरून घेतो. मागच्यांना तो दिसत नाही, थेट बसतो. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा नीट तपासून पाहू.

त्याआधी टायरवरचा आकडा. टायरच्या कडेला २३५/६० आर १८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा साइडवॉलची म्हणजे टायरच्या उभ्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे इथे साइडवॉल २३५ च्या ६० टक्के, १४१ मिमी. रिम १८ गुणिले २५.४, म्हणजे ४५७ मिमी. त्यात वरची आणि खालची अशा दोन साइडवॉल मिळवल्या की चाकाचा बाहेरचा व्यास येतो ७३९ मिमी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे, आणि गाडी बघायला जाताना ते करता आलं तर अर्धी फसगत तिथेच टळते.

दावा पहिला: मोठं चाक खड्डा गिळतं

हा दावा अर्धा खरा आहे, म्हणून तो इतका पसरतो. बाहेरून मोठं असलेलं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सोप्या कोनातून चढतं. बैलगाडीची चाकं मोठी असायची त्यामागे हेही एक कारण होतं. पण इथे मोठेपणा बाहेरच्या व्यासाचा आहे. रिमचा इंच वाढला म्हणजे चाक बाहेरून वाढलंच असं नाही. बाहेरचा व्यास फार बदलला तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, गिअरचा मेळ बिघडतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला घासतो. म्हणून रिम वाढवताना बहुतेक वेळा त्याच मापाने साइडवॉल कापली जाते.

टोयोटा फॉर्च्युनर घ्या. आपल्याकडे तिच्या टू-व्हील ड्राइव्ह प्रकारांना २६५/६५ आर १७ आणि फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारांना २६५/६० आर १८ टायर मिळत आले आहेत. सतरा इंचीचा बाहेरचा व्यास ७७६ मिमी, अठरा इंचीचा ७७५. खड्ड्याच्या लेखी दोन्ही चाकं सारखीच. फरक आत आहे: सतरा इंचीत रिमभोवती १७२ मिमी टायर आहे, अठरा इंचीत १५९. तेरा मिमी रबर-हवेच्या जागी तेरा मिमी धातू आला, एवढंच घडलं.

आणि चाक बाहेरून खरोखर मोठं झालं तरी फायदा किती? समजा ३० सेंमी लांबीचा खोल खड्डा आहे. ६९० मिमी व्यासाचं चाक त्यात सावकाश उतरलं तर भूमितीप्रमाणे सुमारे ३४ मिमी खाली जातं. ७३९ मिमी व्यासाचं चाक सुमारे ३२ मिमी. पहिलं माप ह्युंदाई क्रेटाच्या १७ इंची चाकाचं, दुसरं महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या १८ इंची चाकाचं. दोन वेगळ्या वर्गांतल्या गाड्या, चाकांच्या व्यासात जवळपास पाच सेंमीचं अंतर, आणि खड्ड्यात उतरण्यातला फरक दोन-अडीच मिमी. तोही एकाच गाडीच्या दोन रिमांची तुलना केली की शून्याजवळ येतो.

आता गेलेल्या तेरा मिमीची किंमत बघू, कारण खरा विषय तोच आहे. टायर हा गाडीचा पहिला स्प्रिंग. सस्पेन्शनचा, म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधला, स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण २० ते ४० न्यूटन बळ लागतं, भरलेला टायर तेवढाच दाबायला २०० ते ३०० न्यूटन. टायर सस्पेन्शनच्या कितीतरी पट कडक आहे. मग त्याच्या तेरा मिमी कमी-जास्त उंचीने आरामात फरक का पडावा?

कारण सस्पेन्शनला काम करायला वेळ लागतो. चाक, टायर, ब्रेक, चाक जिथे बसतं तो हब आणि त्याला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मचा काही भाग मिळून प्रत्येक कोपऱ्यात चाळीस-पन्नास किलोचा ऐवज असतो. तो आधी उचलला जातो, मग स्प्रिंग दाबला जातो. स्पीडब्रेकर जर भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाने बांधलेला असेल, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, तर हे सगळं व्हायला सवड मिळते आणि गाडी डुलत पार होते. तिथे रिम सोळा इंच आहे की अठरा, मागे बसलेल्याला कळणारही नाही. पण खड्ड्याची धार, डांबराचा तुटलेला काठ, पुलाचा लोखंडी सांधा, उखडलेला पेव्हर ब्लॉक, रस्त्यात ठोकलेला चमकणारा कॅट आय, गावातल्या लोकांनी स्वतः घातलेला वीतभर रुंदीचा गतिरोधक, हे सगळं काही शतांश सेकंदात येऊन जातं. तेवढ्या वेळात स्प्रिंग आणि शॉकअप जागे होईपर्यंत धक्का सांध्यांतल्या रबरी बुशमधून बॉडीत पोहोचलेला असतो. तिथे उपयोगी पडतो तो टायरचा स्वतःचा लवचीकपणा. टायर त्या धारेवर दबतो, तिच्याभोवती वळतो, चाकाला उचलावं लागणारं अंतरच कमी करतो. त्यासाठी त्याला दबायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे साइडवॉल.

ती जागा कागदावर दिसते त्याहून कमी असते. रिमचा व्यास मोजतात तो टायर जिथे बसतो तिथपर्यंत; त्यावर रिमचा काठ सुमारे १७ मिमी वर आलेला असतो. रस्त्याच्या बाजूला ट्रेड म्हणजे नक्षीचा थर आणि त्याखालचे पोलादी पट्टे यांची जाडी. १४१ मिमी साइडवॉलमधून हे वजा करा, खऱ्या अर्थाने वाकणारा भाग ११० मिमीच्या आसपास उरतो. नुसत्या गाडीच्या वजनाने टायर आधीच वीस-पंचवीस मिमी दबलेला असतो. जे उरतं त्यात खड्ड्याची धार मावली तर ठीक. नाही मावली तर धार आणि रिम यांच्यात रबर चिमटलं जातं. टायरला कडेला फुगा येतो तो याच चिमट्याने, कारण आतले धागे तुटतात. रिम वाकतो तोही इथेच. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरलेले असताना घाटमाथ्यावरून कोकणात उतरलेल्या लो प्रोफाइल म्हणजे आखूड साइडवॉलच्या टायरच्या गाड्यांचं पुढे टायरच्या दुकानात काय होतं ते तिथल्या कोणत्याही माणसाला विचारा.

सिमेंटच्या रस्त्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ‘आता रस्ते सुधारलेत, समृद्धीवर मोठे रिमच शोभतात’ असंही ऐकू येतं. समृद्धी महामार्ग किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गुळगुळीत आहेत हे खरं. पण सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात, साधारण साडेचार मीटरवर एक. ताशी १०० किमी वेगाने सेकंदाला २८ मीटर जातो, म्हणजे सेकंदाला सहा सांधे. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनाला सर्वांत जास्त संवेदनशील असतं ते सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांच्या टप्प्यात. सांध्याच्या कडा झिजल्या किंवा तुटल्या की हीच टकटक थेट त्या टप्प्यात येते, तासन्‌तास. अशी बारीक धार शोषणं हे साइडवॉलचं काम आहे, आणि लांब प्रवासात थकवा येतो तो मोठ्या धक्क्यांपेक्षा अशा टकटकीने.

दावा दुसरा: कंपनी वरच्या मॉडेलला मोठी चाकं देते, म्हणजे तेच जास्त आरामदायी

मोठी चाकं देण्यामागे कंपनीची कारणं खरी आहेत, फक्त आराम हे त्यातलं कारण नाही. एसयूव्हीची बॉडी उंच आणि जाड असते, चाकाच्या कमानी मोठ्या असतात. त्यात लहान रिम हरवल्यासारखा दिसतो. मोठ्या रिमच्या आत मोठी ब्रेक डिस्क बसवता येते. साइडवॉल आखूड झाली की टायर आडवा कमी वाकतो, स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी पटकन वळते, वळणावर जास्त ठाम वाटते. घाटात वेगाने चालवणाऱ्याला हे सगळं आवडतं आणि त्यात काहीच गैर नाही. ज्याला ते हवं आहे त्याने ते घ्यावं. पण वळणातला हा ठामपणा आणि धारेवरचा मऊपणा दोन्ही त्याच साइडवॉलमधून येतात, आणि एक वाढवला की दुसरा थोडा कमी होतो.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी: वरचं मॉडेल प्रत्येक वेळी जास्त आपटतं असंही नाही. क्रेटाला २०५/६५ आर १६ आणि २१५/६० आर १७ अशी दोन मापं येतात. पहिल्याची साइडवॉल १३३ मिमी, दुसऱ्याची १२९. फरक फक्त चार मिमीचा, कारण इथे बाहेरचा व्यासही ६७३ वरून ६९० वर नेला आहे. फक्त टायरच्या मापामुळे या दोहोंत फार अंतर पडावं असं नाही. स्कॉर्पिओ-एनमध्येही तसंच: २४५/६५ आर १७ ची साइडवॉल १५९ आणि २५५/६० आर १८ ची १५३. एक्सयूव्ही७०० मध्ये मात्र बाहेरचा व्यास जवळपास तोच ठेवून २३५/६५ आर १७ चं २३५/६० आर १८ केलं, म्हणजे १५३ चे १४१ झाले. वाकणाऱ्या भागात मोजलं तर हा जवळपास एकदशांश तोटा आहे. तीन गाड्या, तिन्हींत एकच इंच वाढला, परिणाम तीन. ‘सतरा की अठरा’ हा प्रश्नच अपुरा आहे, एवढं यातून दिसावं.

टक्क्याच्या आकड्यावरून तुलना करणारेही असेच फसतात. ‘दोन्हींना साठ सिरीजच टायर आहे’ म्हणून दोन्ही सारखे मऊ, असं नसतं. २५५ चे ६० टक्के १५३ होतात, २१५ चे ६० टक्के १२९. जवळपास अडीच सेंमीचं अंतर, आणि सिरीज एकच.

शोरूममधली चाचणी इथे दिशाभूल करते. टेस्ट ड्राइव्हला सहसा वरचं मॉडेल मिळतं, रस्ता चांगला निवडलेला असतो, गाडीत दोन माणसं असतात आणि सगळं लक्ष स्क्रीनवर, सनरूफवर असतं. दोन रिमांमधला फरक जाणून घ्यायचा असेल तर दोन्ही प्रकार मागून घ्या, वेगवेगळ्या डीलरकडून मिळाले तरी चालतील. दोन्हींत दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या. उभ्या गाड्यांत ती वर-खाली असते आणि तेवढ्यानेच तुलना बिघडते. मग तुटक्या रस्त्यावर २० ते ४० किमी वेगाने न्या आणि स्वतः मागे बसा. ज्यांच्यासाठी गाडी घेताय त्यांना मागे बसवता आलं तर आणखी चांगलं.

दावा तिसरा: अलॉय हलके, म्हणून धक्के कमी

स्प्रिंगच्या खालचं वजन कमी केलं की चाक रस्त्याची उंचसखल जास्त चपळाईने झेलतं, हे तत्त्व बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. एकाच मापाचा लोखंडी डिस्क (ब्रेकची डिस्क नव्हे, साधा लोखंडी रिम) आणि अलॉय यांची तुलना केली तर अलॉय बहुधा थोडा हलका भरतो. पण इथे तुलना एकाच मापाची नसते. सोळाचा डिस्क काढून अठराचा अलॉय घातला जातो, आणि साधा ओतीव अलॉय मापाने मोठा झाला की वजनही वाढतं; तो जुन्या लहान डिस्कपेक्षा जड भरणं अगदी नेहमीचं आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या तिपटीने हलकं असलं तरी अलॉय ओतताना त्याची जाडी वाढवावी लागते, त्यामुळे धातूतला तो फायदा बराचसा परत जातो. खरोखर हलके असतात ते घडीव म्हणजे फोर्ज्ड रिम, आणि त्यांची किंमत वेगळ्याच पातळीवर असते. शिवाय मोठ्या रिमचं वजन केंद्रापासून जास्त लांब असतं, म्हणून गाडी ओढताना आणि थांबवताना ते अधिक जाणवतं. बाहेरून रिम घेणार असाल तर दुकानात वजनकाटा मागा. जुनं चाक टायरसकट आणि नवं चाक टायरसकट, दोन्ही काट्यावर ठेवा. वाद तिथेच संपतो.

दावा चौथा: रुंद टायर म्हणजे जाड गादी

रुंदीने गादी वाढत नाही. त्याच हवेच्या दाबावर आणि त्याच वजनाखाली टायरचा रस्त्याला टेकणारा भाग क्षेत्रफळाने जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याचा आकार बदलतो: आडवा पसरतो, पुढे-मागे आखूड होतो. आराम वाढण्याचं त्यात कारण नाही. रुंद टायर उलट थोडा कडक वागतो आणि जड असतो. पावसात त्याचा आणखी एक तोटा आहे. साचलेल्या पाण्यावरून जाताना रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो पाण्यावर तरंगू लागतो तो तुलनेने कमी वेगात. जिथे जून ते सप्टेंबर सगळा प्रवास ओल्या रस्त्यावरच होतो तिथे एवढी एक बाब रुंदीचा मोह सोडायला पुरेशी आहे.

रुंदी वाढवून टक्का तोच ठेवला तर साइडवॉल वाढते, हे वर पाहिलंच. पण मग बाहेरचा व्यासही वाढतो. तो तीन टक्क्यांनी वाढला तर मीटरवर १०० दिसताना गाडी पूर्वीपेक्षा तीन टक्के जास्त वेगात असते, आणि ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो तो व्यासातल्या वाढीच्या फक्त निम्म्याने. व्यास २० मिमी वाढला तर गाडी १० मिमी उचलली जाते, आणि रिम वाढवून बाहेरचा व्यास तोच राहिला तर काहीच उचलली जात नाही.

दावा पाचवा: रेंज रोव्हरला बावीस इंची चाकं असतात

असतात, तेविसाचीही मिळतात. पण रेंज रोव्हरच्या २२ इंची चाकावरचा टायर आहे २८५/४५. त्याची साइडवॉल काढा: १२८ मिमी. क्रेटाच्या १७ इंची टायरइतकीच! बाहेरचा व्यास ८१५ मिमी आहे, म्हणून बावीसचा रिम त्यात मावतो आणि रबरही शिल्लक राहतं. त्यावर अडीच टनांच्या आसपासची गाडी, स्प्रिंगच्या जागी हवेचं सस्पेन्शन, आणि रस्त्याप्रमाणे क्षणोक्षणी बदलणारे शॉकअप. तो मऊपणा या सगळ्यातून येतो. रिम मोठा असूनही मऊपणा टिकवण्यासाठी इतका खटाटोप करावा लागतो, असं म्हणणं जास्त खरं आहे. त्यातला फक्त रिम उचलून मध्यम आकाराच्या एसयूव्हीला लावला तर बाकीचं काहीच त्याच्यासोबत येत नाही.

त्याच कंपनीची डिफेंडर जास्त बोलकी आहे. तिला २५५/६० आर २० मिळतात तसे २५५/७० आर १८ सुद्धा मिळतात. दोन्हींचा बाहेरचा व्यास ८१४ मिमी. वीसच्या चाकावर १५३ मिमी साइडवॉल, अठराच्या चाकावर १७८. जिला दगडधोंड्यांतून, वाळूतून जायचं आहे त्या गाडीसाठी कंपनीने अठराचा पर्याय राखून ठेवला, तोही साध्या पोलादी डिस्कमध्ये. आपल्याकडची तीन दारांची महिंद्रा थार २०२० मध्ये आली तेव्हा साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६ आणि वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ टायर होते. साइडवॉल अनुक्रमे १८४ आणि १६६. कच्च्या रस्त्यावरच फिरायचं असेल तर सोळाच्या डिस्कचा प्रकार स्वस्त म्हणून कमी लेखण्याचं काहीच कारण नव्हतं. थारसारख्या गाड्यांचा आपटण्याचा स्वभाव अर्थातच फक्त टायरचा नाही. लॅडर फ्रेम म्हणजे बॉडीखालचा शिडीसारखा सांगाडा आणि मागची दोन्ही चाकं जोडणारा सलग ॲक्सल यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि तो कोणत्याही टायरने जात नाही.

दावा सहावा: आपटली तर हवा कमी करा, नायट्रोजन भरा

सगळ्या सल्ल्यातलं हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण यात पहिल्या चुकीवर दुसरी रचली जाते. टायरचा कडकपणा बराचसा आतल्या हवेच्या दाबातून येतो, म्हणून दाब ३३ पीएसआयवरून २९ केला तर टायर खरोखर मऊ होतो आणि माणसाला वाटतं की जमलं. पण आखूड साइडवॉलच्या टायरमध्ये दबायला जागा आधीच कमी. दाब उतरवल्यावर खड्ड्याची धार रिमपर्यंत पोहोचायला आणखी सोपी. म्हणजे ज्या रिमसाठी एवढे पैसे मोजले तोच वाकवायची सोय केली. दुसरं, कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो आणि तापतो. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, मे महिन्यात विदर्भातलं काँक्रीट भाजून निघालेलं असतं, गाडीत सात माणसं आणि वर सामान. अशा वेळी कमी हवा म्हणजे टायर फुटायला दिलेलं आमंत्रण.

योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, बहुधा दोन आकड्यांत: कमी माणसांसाठी वेगळा, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तोच घ्यायचा, आणि टायर थंड असताना मोजायचा. टायरच्या कडेला छापलेला सर्वोच्च दाब ही टायरची मर्यादा असते, गाडीसाठीची शिफारस नसते. पंपावर तो आकडा वाचून हवा भरली तर टायर दगड होतो, आणि मग दोष सस्पेन्शनला दिला जातो. गाडी आपटते म्हणून सर्व्हिस सेंटरला घेऊन जाण्याआधी चांगल्या गेजवर हवा तपासून घ्या. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

नायट्रोजनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तोच दाब भरला तर टायर तेवढाच मऊ किंवा कडक राहतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दोन्हींत दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो किंचित सावकाश झिरपतो, इतकाच फायदा. आरामाशी त्याचा संबंध नाही.

मोठे रिम आधीच लावलेत किंवा लागून आलेत तर

मागे फिरता येतं. त्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला जे लहान माप कंपनीकडून येतं ते पहिलं शोधा, कारण बाहेरचा व्यास तिथे आधीच जुळवलेला असतो. मग ब्रेक तपासा. खालच्या आणि वरच्या प्रकाराचे ब्रेक वेगळे असतील तर लहान रिम कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला, अडू शकतो. पुष्कळ गाड्यांत वरच्या प्रकारालाही डिकीतली स्टेपनी लहान रिमच्या लोखंडी डिस्कवर दिलेली असते. ती पुढच्या चाकाच्या जागी बसते का, हे कंपनीच्या पुस्तकात पाहिलं की त्या इंचाचा रिम ब्रेकवरून जातो की नाही ते कळतं.

टायर घेताना मापाच्या पुढचा आकडाही बघा. २३५/६० आर १८ नंतर १०३ लिहिलं असेल तर तो टायर ८७५ किलो पेलतो. ९६ असेल तर ७१०. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खाली जायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी. आणि टायरचा प्रकार हायवेचा, म्हणजे एच/टी घ्या. ए/टी म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे टायर दिसायला रांगडे असतात, पण डांबरावर ते जास्त आवाज करतात आणि बहुधा जड नि कडक असतात; साइडवॉल वाढवून कमावलेला मऊपणा त्यांत काही अंशी परत जातो. बनावटीची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. रबर नुसतं पडूनही कडक होतं, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं राहिलेला स्वस्त टायर या कामासाठी घेऊ नका. उतरवलेले मोठे रिम चांगल्या स्थितीत असतील तर त्यांना गिऱ्हाईक मिळतं; खर्चाचा काही भाग तिथूनच सुटतो.